हुंकाराने आवाज कमावता येत नाही

‘वजन उचलताना घशातून दणदणीत हुंकार द्या. ताकद वाढते, आवाजही भारदस्त होतो. घसा बसलाच तर दोन दिवस कुजबुजत बोला आणि गरम पाणी प्या, स्वरतंतू शेकून निघतात.’ जिमच्या ग्रुपांवर हा सल्ला सारखा फिरत असतो.

ताकदीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टेनिसमध्ये हुंकारासोबत मारलेल्या फटक्याचा वेग थोडा वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. पण ‘भारदस्त’चं काय? जड बारबेल उचलताना श्वास कोंडला की स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, छातीत हवा अडते आणि धड ताठ राहतं. त्याच क्षणी आवाज काढला तर कोंडलेली हवा मिटलेल्या तंतूंना धक्का देत बाहेर पडते आणि ते एकमेकांवर आपटतात. साधं बोलतानाही पुरुषांचे तंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, बायकांचे दोनशेच्या आसपास. त्यात हा मार! तंतू सुजतात, जाड होतात, म्हणून आवाज खाली उतरतो. त्यालाच लोक भारदस्त म्हणतात. वरच्या पट्टीतला सूर लावून बघा, लगेच कळेल. हे रोजचं झालं तर तंतूंवर गाठी येऊ शकतात.

त्यापेक्षा जोर लावताना ओठांतून ‘फूऽऽ’ करत श्वास सोडा. वजन कितव्यांदा उचललं ते आकडे ओरडून न म्हणता मनात मोजा.

कुजबुजण्याने विश्रांती मिळत नाही. बरेच जण उलट घसा आवळूनच कुजबुजतात. गप्प बसा, नाहीतर हळू पण मोकळ्या आवाजात बोला. आणि गरम पाणी? गिळताना स्वरयंत्र बंद होतं, पाणी अन्ननलिकेत जातं. तंतूंवर पडलं तर ठसका लागेल. पाणी जरूर प्या, पण ते रक्तावाटे पोचतं, शेकबिक काही होत नाही. वाफ मात्र तिथवर जाते.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते म्हणजे स्पीकर. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी हे 1911 सालीच मांडलं. झुंबाच्या क्लासात नाचता नाचता ओरडणाऱ्या ट्रेनरचा घसा बसतो तो यामुळेच. गाणं हळू लावा किंवा त्यांना माइक द्या.

दोन दिवसांचा हिशेबही सरसकट चालत नाही. वजन उचलताना आवाज अचानक गेला तर तंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. त्याच दिवशी बोलणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नुसता घोगरेपणा असेल आणि तीन आठवड्यांत गेला नाही, तरीही दाखवा.