शिसवी खुर्ची, ओली हवा आणि मेस्ताचं काम: फोंड्याच्या वाचकांना उत्तर

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी घरातल्या जुन्या वस्तू नीट करून पुन्हा वापरात आणण्याबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावर फोंड्याहून एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती अशी:

“पत्र्याच्या ट्रंकेची बैठक करा, साड्यांची पायपुसणी करा, स्टुलाला रंग द्या, हे वाचायला बरं वाटतं. पण असं वाचूनच लोक आजोबांच्या शिसवी फर्निचरला आकाशी रंग फासतात आणि वस्तू कायमची हातची जाते. शिवाय गोव्याच्या पावसात घरी केलेलं काम टिकत नाही, श्रावणात बुरशी येतेच. आणि सगळं लोक स्वतःच करू लागले तर मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, काय करायचं? माझ्याकडे वडिलांची शिसवी आरामखुर्ची आहे. बैठकीचा वेत सैल पडलाय, हातांवर पांढरट डाग आलेत. तुमच्या हौशी उपायांनी तिचं काय होणार, ते सांगा.”

नमस्कार. इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

रंगाच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. लेखातलं स्टूल साध्या जंगली लाकडाचं होतं, त्यावर आधीच ऑइल पेंटचे थर होते आणि तेही पोपडे धरून सुटत होते. शिसवी, सागवानी किंवा फणसाच्या लाकडाच्या वस्तूची गोष्ट वेगळी. तिचा रंग आणि रेषा हेच तिचं मोल असतं. हल्ली चुनखडीसारखा दिसणारा जो मॅट रंग फर्निचरला लावतात, तो लाकडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. पुढे कधी काढायचा म्हटलं तर तासावं लागतं, आणि तासलं की जुनं पॉलिश, कडांची गोलाई, वर्षानुवर्षं हात फिरून आलेली झाक, सगळं निघून जातं.

म्हणून मी एक पथ्य पाळते: जे नको वाटल्यास परतवता येईल तेवढंच घरी करायचं. धुणं, पुसणं, मेण लावणं, ढिले स्क्रू आवळणं, उशी-गादीला नवी खोळ शिवणं, यातलं काही मनासारखं झालं नाही तर मागे येता येतं. कापणं, तासणं, भोक पाडणं आणि रंग देणं यांतून मागे येता येत नाही. चांगल्या लाकडाच्या बाबतीत ही दुसरी कामं करण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मात्र ‘घरी केलेलं काम टिकत नाही’ हे मला मान्य नाही. काम घरी केलं म्हणून बिघडत नाही, चुकीच्या महिन्यात केलं म्हणून बिघडतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या काळात लाकूड हवेतली ओल ओढून फुगतं, दारं चौकटीत अडकतात, कपाटाचे खण उघडत नाहीत. आणि आपला रिवाज असा की घराची रंगरंगोटी चवथीच्या तोंडावर, म्हणजे नेमक्या याच दिवसांत काढायची. ओल्या लाकडावर ऑइल पेंट चढवला की आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि दसरा-दिवाळीपर्यंत फोड येतात. मेस्ताने केलं तरी तेच होईल. लाकडाला वॉर्निश, पॉलिश किंवा रंग द्यायचा तर तो फेब्रुवारी ते मे या काळात. चवथीआधी फक्त धुण्या-पुसण्याची, शिवणाची, स्क्रू-बिजागऱ्यांची कामं घ्यावीत. चवथीची लगबग मलाही तितकीच प्रिय आहे, पण माटोळीखालचं, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखालचं, घर स्वच्छ असलं की पुरे. प्रत्येक कपाट नवं दिसायलाच हवं असं नाही.

बुरशीचंही तसंच. तिला ओल आणि खाद्य लागतं, आणि पुष्कळदा हे खाद्य आपणच लावून ठेवतो. जुन्या लाकडाला चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळण्याची सवय कितीतरी घरांत आहे. ते तेल लाकडावर कधीच सुकत नाही. तेल सुकण्याचा गुण ढोबळपणे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतो, हा आकडा जितका मोठा तितकं ते चांगलं सुकतं. खोबरेल तेलाचं हे मूल्य १० च्या आसपास असतं, अळशीच्या तेलाचं १७० च्या वर. म्हणून अळशीचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून कडक पापुद्रा धरतं, तर खोबरेल चिकट राहून धूळ पकडतं. पण म्हणून पावसाळ्यात कच्चं अळशीचं तेलही लावू नये. ओल्या हवेत ते फार सावकाश सुकतं आणि तोवर त्यावर बुरशी पोसते. उन्हाळ्यात, अगदी पातळ हात फिरवून, जास्तीचं तेल लगेच पुसून घेतलं तर ते उत्तम.

इथे एक धोका सांगायलाच हवा, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या कापडात ती साठत जाऊन चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मगच टाका.

काजूच्या टरफलांचं काळं तेलही काहीजण सुचवतात. वाळवीवर आणि किडीवर ते खरोखर चालतं, होड्यांना आणि छपराच्या वाशांना ते लावतात. पण कातडीला लागलं तर फोड उठतात आणि लाकूड काळं होतं, तेव्हा बसाय-उठायच्या फर्निचरला ते नकोच.

जुन्या रंगाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमच्याइतक्याच काळजीने मी ते इथे जोडते. जुन्या घरांतली दारं-खिडक्या, पाळणे, लहान मुलांच्या खुर्च्या यांच्यावरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला तर त्याची धूळ घरभर उडते आणि मुलांच्या पोटात जाते. घासायचंच झालं तर पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने, मुलं घरात नसताना घासावं आणि नंतर सगळं ओल्या फडक्याने टिपून घ्यावं. पाळण्याच्या बाबतीत मात्र मी स्वतः हे काम घरी करणार नाही.

ट्रंकेची बैठक आपल्या हवेत टिकते, फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. पत्रा घासून गंज काढला की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्राइमर चढवायचा. दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक दिसते, आणि त्या झाकेवर लावलेला रंग सुटणारच. समुद्राजवळच्या गावांत कड्या-स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खारा वारा साध्या लोखंडाला लवकर खातो. पितळी कड्या काळवंडल्या असतील तर परसातली बिंबलं, म्हणजे ती आंबट हिरवी फळं, चिरून चोळा. त्यांच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे गंजाचे डागही निघतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं, आम्ल धातूवर राहू द्यायचं नाही.

साड्यांच्या पायपुसण्यांसाठी फक्त सुती साड्या घ्या. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाणी ओढत नाहीत आणि गुळगुळीत लादीवर पाय घसरतो. विरलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवली तर त्याहून चांगलं.

आता मेस्तांबद्दल. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागची कळकळ खरी आहे. पण जरा पाहूया, आपल्या घरातून वस्तू कशा जातात. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. त्या एवढ्याशा कामासाठी मेस्ताला बोलवायला आपल्याला संकोच वाटतो, त्यालाही दूरवरून यायला परवडत नाही. खुर्ची पडवीत जाते, पाऊस खाते, वाळवी धरते, आणि वर्षा-दोन वर्षांत भंगारात किंवा चुलीत. तिच्या जागी प्लास्टिकची येते. या सगळ्यात मेस्ताला एक पैसाही मिळत नाही. उलट ज्या घरात लोक स्वतः पुसतात, आवळतात, वाळवतात, त्या घरात लाकडी वस्तू शिल्लक राहतात, आणि सांधा निसटला, फळी बदलायची झाली, कोरीव तुकडा मोडला की त्यांनाच मेस्त लागतो. सांध्यात नुसता खिळा ठोकून वेळ मारून नेऊ नका असं मी लेखातही लिहिलं होतं. खिळ्याने लाकूड चिरतं आणि मग मेस्तालाही ते नीट करणं अवघड जातं. निसटलेला सांधा त्याच्याकडेच न्यावा आणि त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

तुमच्या फोंड्याच्या बाजूला जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतील तर त्याही वाचवा. ते पातळ, दूधट शिंपले ज्या कालवाचे असतात तो प्राणी आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे नवे शिंपले गोळा करता येत नाहीत. हे शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून बसवलेले असतात. खिडकी कुजली असली तरी धड शिंपले अलगद सरकवून काढा आणि कापडात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या खिडकीच्या दुरुस्तीला तेच उपयोगी पडतील. त्यांचे दिवे किंवा शोभेच्या वस्तू करायला मात्र मी सांगणार नाही. जी वस्तू स्वतःच्या मूळ कामाला अजून लायक आहे, तिला आधी त्याच कामावर ठेवावं.

आता तुमची खुर्ची.

हातांवरचे पांढरट डाग कशाचे आहेत ते आधी ठरवू. कोरडं सुती फडकं फिरवून पाहा. डाग फडक्यावर उतरला, कुबट वास आला आणि काही दिवसांनी पुन्हा उगवला तर ती बुरशी. हे खुर्ची उघड्यावर नेऊन, नाकाला रुमाल बांधून करा. पुसूनही डाग जसाच्या तसा, ढगासारखा आत दिसत राहिला, तर ती पॉलिशमध्ये शिरलेली ओल आहे.

मग पॉलिश कोणतं ते पाहू. खुर्चीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि थोडं थांबा. तिथे चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश. तुमच्या वडिलांच्या काळातली शिसवी खुर्ची म्हणजे हेच असण्याची शक्यता जास्त. काहीच झालं नाही, पण थिनरच्या थेंबाने सुटलं, तर नंतर कधीतरी लॅकर मारलेलं आहे.

लाखेचं पॉलिश असेल तर सोडा, साबणाचं कडक पाणी आणि ब्लीच यांपासून ते लांब ठेवा, क्षाराने लाख विरघळते. बुरशी असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढा, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती या दिवसांत पाझरतात. यापुढचं काहीही आता करू नका. ओलीचे ढगाळ डाग पुष्कळदा हवा कोरडी झाल्यावर फिके पडतात. राहिलेच तर दिवाळीनंतर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं मऊ फडकं त्यावरून हलकेच, न थांबता फिरवायचं. एकाच जागी दाबलं तर पॉलिश उचललं जातं.

वेताचं कामही दिवाळीनंतरच. विणीतला एकही पदर तुटला नसेल, फक्त बैठक खाली लोंबली असेल, तर खुर्ची उलटी करा. वेताची वरची चकचकीत बाजू पाणी घेत नाही, खालची खरखरीत बाजू घेते. त्या बाजूला कढत पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून वेत चांगला भिजू द्या, लाकडाला पाणी लागू देऊ नका, आणि सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळेपर्यंत त्यावर बसू नका. सुकताना वेत आकसतो आणि बैठक ताठ होते. हेच आता केलं तर तो आठवडाभर ओला राहील आणि काळा पडेल. पदर तुटले असतील तर मात्र विणणाऱ्याकडेच न्या. चौकटीला भोकं पाडून त्यांतून विणलेली बैठक असेल तर ती तशीच हाताने विणून मागा, भोकं बुजवून तयार जाळी बसवू देऊ नका.

स्पिरिटच्या थेंबाने काय झालं ते कळवा. लॅकर निघालं तर पुढची रीत वेगळी आहे, ती मी इथेच लिहीन.