नव्याण्णव खोकी, शून्य गुण

तुमची चकलीची भाजणी चांगली आहे, तालुक्यातल्या पाचपन्नास दुकानांत ती खपते, आणि आता तुम्हाला मोठ्या साखळी दुकानांत माल लावायचा आहे. अभिनंदन! पहिला सल्ला असा की भाजणीचा विचार आजपासून सोडून द्या. ती खमंग आहे की नाही हे तिथं कुणी मोजत नाही. खोकी मोजतात, तास मोजतात, बारकोड एका फटक्यात स्कॅन झाला की नाही ते मोजतात, आणि या मोजणीतून दरमहा तुमचं प्रगतिपुस्तक निघतं. त्याला स्कोअरकार्ड म्हणतात. शाळेत निदान परीक्षा घेणारे एक आणि फी घेणारे दुसरे असायचे. इथं प्रश्न काढणारे तेच, पेपर तपासणारे तेच, आणि नापास झाल्याचा दंड जमा होतो तोही त्यांच्याच खात्यात.

सुरुवात ओटीआयएफपासून करा. ऑन टाइम, इन फुल, म्हणजे माल वेळेवर आणि पुरता. अमेरिकेत वॉलमार्ट या साखळी दुकानानं 2017 मध्ये या मोजमापाला दात बसवले. उशिरा किंवा कमी आलेल्या मालाच्या किमतीवर 3 टक्के दंड. वेळेआधी आलात तरी चूकच, कारण लवकर आलेला माल ठेवायचा कुठं? 2020 मध्ये करोनानं निम्मं जग घरात बसलेलं असताना ही अपेक्षा 98 टक्क्यांवर नेण्यात आली. आपल्याकडच्या कॅटेगरी मॅनेजरनं, म्हणजे साखळीसाठी तुमच्या प्रकारच्या मालाची खरेदी बघणाऱ्यानं, हे सगळं एमबीएच्या दुसऱ्या सेमिस्टरला वाचलेलं असतं. वॉलमार्टचा ट्रक आर्कान्सामधल्या मोकळ्या हायवेवरून येतो आणि तुमचा टेम्पो भिवंडीजवळच्या तुंबलेल्या माणकोली नाक्यावरून, हा फरक त्या पुस्तकात नव्हता. त्यात त्याची काय चूक?

आता गणित. ऑर्डर दहा प्रकारच्या मालाची आहे, प्रत्येकी दहा खोकी. (पुठ्ठ्याची. दुसऱ्या प्रकारच्या खोक्यांची मोजदाद वेगळ्या ठिकाणी होते.) मेतकुटाचं एक खोकं कमी पडलं. खोक्यांवर मोजलं तर तुम्हाला 99 टक्के. मालाच्या प्रकारांवर मोजलं तर दहापैकी नऊच प्रकार पुरते आले, म्हणून 90. ऑर्डरवर मोजलं तर ऑर्डर अपुरी, म्हणजे शून्य. टेम्पो तोच, माल तोच, डिलिव्हरी चलन तेच. यातली कुठली रीत वापरायची याचा सगळ्या जगानं मानलेला नियम नाही, त्यामुळे खरेदीदार आपल्या मनाची ग्वाही घेतो. तुमच्या वाट्याला कुठली रीत आली ते कराराच्या परिशिष्टात असतं, परिशिष्ट पोर्टलवर असतं, आणि पोर्टलवर लॉगिन होत नसेल तर पोर्टलवरच तक्रार नोंदवायची सोय आहे.

वेळेचं प्रकरण याहून सुरस आहे. तुम्ही रात्री दोनला टेम्पो काढता, पहाटे भिवंडीच्या गोदामाच्या फाटकाशी उभे राहता, आणि मनात म्हणता, झालो वेळेवर. असं म्हणू नका. वेळ फाटकावर सुरू होत नाही. ती जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याची नोंद त्यांच्या संगणकात पडते तेव्हा सुरू होते. मधे अपॉइंटमेंट असते. ऑर्डरीवर तारीख सोमवारची, पोर्टलवर मोकळा स्लॉट गुरुवारचा, आणि स्कोअरकार्डात तीन दिवसांचा उशीर तुमचा. गुरुवारी गेलात तर आत डॉक, म्हणजे माल उतरवायचा धक्का, रिकामा नसतो, कारण बुधवारचे टेम्पो अजून उतरायचे असतात. ड्रायव्हरला टपरीवर चहा-वडापाव, तुम्हाला टेम्पोवाल्याचं हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचं भाडं, आणि उतरवण्याची वाराईही तुमच्याच गळ्यात. चिडू नका. माल उतरवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. माल बनवणाऱ्यांसाठी हेल्पडेस्क आहे. तिथं तिकीट नंबर मिळतो, आणि अठ्ठेचाळीस तासांत ते तिकीट आपोआप बंद होतं, हीसुद्धा सेवा वेळेवर मिळते हे मान्य करायला हवं.

फिल रेट, म्हणजे मागितलेल्यापैकी किती माल दिलात त्याची टक्केवारी, चांगला ठेवायचा असेल तर दिवाळीकडे लक्ष द्या. एरवी महिन्याला चाळीस खोकी उचलणारी सिस्टीम घटस्थापनेच्या आसपास एकदम चारशेची ऑर्डर काढते. ती माणसानं काढलेली नसते, त्यामुळे तिला विचारताही येत नाही. दीडशे दिलीत तर तुमचा फिल रेट साडेसदतीस टक्के, आणि तुम्ही ‘रेड’ पुरवठादार. चारशे द्यायची ठरवलीत तर बायकोच्या बांगड्या सोनाराकडे, कामावरच्या बायकांना डबल शिफ्ट आणि हरभऱ्याच्या डाळीला सणाचा भाव. फिल रेट शंभर टक्के. मग तुळशीचं लग्न झालं की उरलेली दोनशे सत्तर खोकी परत येतात. याला आरटीव्ही म्हणतात, रिटर्न टू व्हेंडर. परतीचं भाडं तुमचं. निम्म्या पाकिटांवर ‘एकावर एक मोफत’चे स्टिकर असतात, जे कुणी लावले ते माहीत नसतं, पण ती एक मोफत कुणाची होती ते डेबिट नोटेत, म्हणजे तुमच्या बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठीत, कळतं.

डेबिट नोट ही या व्यवसायातली खरी साहित्यकृती. बारकोड अंधुक: अमुक रुपये. पॅलेटची (खोकी रचायच्या फळीची) उंची जास्त: अमुक. शेल्फवर ‘व्हिजिबिलिटी’ दिल्याबद्दल: अमुक. नवीन दुकान उघडल्याच्या आनंदात: अमुक. तुम्ही विचाराल की बाबा, पुरावा? पुरावा मागण्याची मुदत नोट निघाल्यापासून मोजतात, आणि नोट मिळते मुदत संपल्यावर. तोवर रक्कम बिलातून कापून झालेली असते.

हे आपल्याच नशिबी आलंय असं समजून उगाच खचून जाऊ नका. परदेशात तर याचं शास्त्र झालं. ऑस्ट्रेलियात कोल्स या सुपरमार्केट साखळीनं ‘ॲक्टिव्ह रिटेल कोलॅबरेशन’ नावाचा कार्यक्रम काढला. आम्ही आमची पुरवठ्याची व्यवस्था सुधारतो आहोत, त्यात तुमचाही फायदा आहे, तेव्हा लहान पुरवठादारांनो, कायमची सूट द्या. शिवाय, एखाद्या मालावर कंपनीला जेवढा नफा अपेक्षित होता तेवढा झाला नाही, तर मधली तूट त्या मालाच्या पुरवठादारानं भरून द्यावी, अशीही मागणी व्हायची. किती सुटसुटीत! दुकान त्यांचं, भाव त्यांनी ठरवलेला, मांडणी त्यांची, आणि नफ्याची जबाबदारी तुमची. तिथल्या फेडरल कोर्टाला मात्र हे सहकार्य पचलं नाही, आणि 2014 मध्ये कोल्सला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ब्रिटनमध्ये किराणा क्षेत्रासाठी नेमलेल्या निवाडाधिकाऱ्यांनी 2016 च्या जानेवारीत टेस्कोबद्दल अहवाल दिला: स्वतःचे नफ्याचे आकडे बरे दिसावेत म्हणून पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून अडवले होते. एका पुरवठादाराचे चुकीनं अडकलेले कित्येक दशलक्ष पौंड, चूक मान्य झाल्यावरही, परत मिळायला बारा महिन्यांहून जास्त लागले. टेस्कोला या प्रकरणी त्या निवाडाधिकाऱ्यांकडून दंड झाला नाही, कारण दंड करण्याचा अधिकार त्यांना 2015 मध्ये मिळाला आणि प्रकार होते त्याआधीचे. वेळेवर पोचण्याचं महत्त्व यावरून कळावं.

मघाशी मी तुमच्यासाठी फक्त हेल्पडेस्क आहे म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. तुमच्यासाठी 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. करारात काहीही लिहिलं तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारच नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचूनच अंगावर मूठभर मांस चढतं. हे व्याज मागण्यासाठी फक्त एक अट पाळा: त्या दुकानाकडून पुन्हा कधीही ऑर्डर नको आहे हे आधी पक्कं करा. मग अर्ज भरता येतो; त्यासाठी सरकारनं 2017 मध्ये ‘समाधान’ पोर्टल काढलं. हे आणखी एक पोर्टल.

सरकारनंही ओळखलं की लहान माणूस तोंड उघडत नाही, म्हणून 2023 मध्ये प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) हे कलम घातलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत मोठ्या कंपनीला तो खर्च करातून वजा करता येणार नाही. चांगलं कलम आहे, हे उपरोधानं म्हणत नाही. पण कायदा दिवस मोजायला सुरुवात करतो माल मिळाल्यापासून, आणि पंधरा दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली तर त्या हरकतीचं निवारण झाल्यापासून. आठवतं का मेतकुटाचं ते एक खोकं? ते कमी पडलं यात कुणाचं नुकसान झालं असं समजू नका. दुसरी गोष्ट अशी की हे कलम सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतं आहे, मध्यमला लागू नाही. म्हणजे आपण लहान आहोत याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, आणि खरेदीदारासमोर बसल्यावर ते खिशातून बाहेर काढावं की नाही याचा विचार करत राहायचं.

या सगळ्यातून तरून गेलात तर बक्षिसं असतात. स्कोअर सतत ‘ग्रीन’ राहिला की तुम्हाला लवकर पैसे मिळण्याची योजना उघडते. बिलावर अर्धा-एक टक्का सोडा आणि तुमचेच पैसे पाचव्या दिवशी घ्या. लवकर पैसे देऊन भाव पाडून घेण्यात वाईट काही नाही. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढणाऱ्या डीमार्टचं नाव पुरवठादारांत झालं ते बऱ्याच अंशी यामुळेच, आणि तो सरळ रोखीचा व्यवहार आहे: भाव सोडा, पैसे घ्या, विषय संपला. पण इथं आधी दंड भरून हिरवं व्हायचं आणि मग हिरवं झाल्याबद्दल सूट द्यायची, असं दुहेरी पुण्य पदरात पडतं.

वर्षातून एकदा पंचतारांकित हॉटेलात पुरवठादारांचा मेळावा असतो. काचेची ट्रॉफी मिळते. एरवी ज्याला तुम्ही ‘सर’ म्हणता आणि जो तुम्हाला ‘काका’ म्हणतो, तो सव्वीस वर्षांचा कॅटेगरी मॅनेजर स्टेजवर तुमच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो. हॉलमधल्या बॅनरचा खर्च मार्केटिंग सहभाग म्हणून पुढच्या महिन्यात येईल. फोटो फॅक्टरीत लावा. मॅनेजर मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीत जातो, आणि नव्या मॅनेजरसाठी तुम्ही नवे असता. लिस्टिंग फीसकट, म्हणजे माल दुकानाच्या यादीत घेण्याच्या फीसकट.

सर्वांत मोठं बक्षीस मात्र ट्रॉफीनंतर येतं. ‘काका, तुमची क्वालिटी टॉप आहे, फिल रेट टॉप आहे, आपण प्रायव्हेट लेबल करू या.’ म्हणजे हीच भाजणी तुम्ही त्यांच्या नावाच्या पाकिटात भरायची, तुमच्या दरापेक्षा अठरा टक्के कमी भावात. ते पाकीट डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर लागतं. तुमच्या स्वतःच्या नावाचं पाकीट खालच्या फळीवर, गुडघ्याशी, आणि ते खपत नाही म्हणून त्याचा स्कोअर घसरतो, आणि घसरलेल्या स्कोअरची डेबिट नोट तुमच्याच पत्त्यावर येते. नाही म्हणता येतं, अर्थात. करारात तशी मुभा आहे. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एका भाजणीवाल्यांचाही फिल रेट टॉप असल्याचं सर बोलता बोलता सांगतात.

तेव्हा हो म्हणा. आणि कोटेशन सोमवारी सकाळी अकराच्या आत पोर्टलवर चढवा. कोटेशनच्या उशिराचेही गुण कापतात.