‘सेम टू सेम’ म्हणजे अभिप्राय नव्हे

फोटोवरून केलेलं जोडप्याचं पोर्ट्रेट कुणी दाखवलं की बघणाऱ्यांची नजर चित्रावरून फोटोवर, फोटोवरून चित्रावर फिरते आणि निकाल लागतो: ‘सेम टू सेम!’ नाहीतर, ‘वहिनी जमल्यात, दादा काही उतरले नाहीत.’ चित्रकाराच्या पदरात काय पडलं? काही नाही.

माझ्याकडे काम दाखवायला येणाऱ्या मुलांना मी सांगतो, फोटो आधी लपवा. तो शेजारी असला की लोक फरक शोधत बसतात, आणि फोटोतला दोष चित्रात जसाच्या तसा आला तरी खूश होतात. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. समोरून फ्लॅश मारला की गालफडं, हनुवटीखालची सावली, सगळं सपाट. हे इमानेइतबारे कॅनव्हासवर उतरवलं तर साम्य फोटोशी आलं, माणसाशी नाही.

खरी कसोटी लागते ती दोन फोटोंतून एक जोडपं करताना. दोघांतलं एक जण गेलेलं असतं आणि मुलं म्हणतात, ‘दोघांना शेजारी बसवा.’ बाबांचा फोटो स्टुडिओतला कृष्णधवल, आईचा कुणाच्या तरी लग्नात भर उन्हात काढलेला. इथे नाकडोळे नंतर. उजेड दोघांवर एकाच बाजूने पडतोय का? एकाचा फोटो वरून आणि दुसऱ्याचा समोरून घेतलाय का? डोक्यांची मापं जुळतात का? बाबांची कड इतकी धारदार का, की कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसावेत? हे त्या घराशी ओळख नसलेला माणूस चटकन सांगतो. चित्र आरशात बघितलंत, डोळे बारीक करून टोन (उजळ-गडद छटा) तपासलेत, तर तुम्हालाही दिसेल.

साम्याचं मात्र घरच्यांनाच विचारावं. फक्त त्यांचा शब्द धरून बसू नका. ‘आईचे डोळे चुकलेत’ म्हणतात तेव्हा घोळ बऱ्याचदा ओठांच्या कोपऱ्यात असतो. खटकतंय हे खरं, जागा तुम्ही शोधायची.

डच चित्रकार रेम्ब्राँचं ‘द ज्यूइश ब्राइड’ हे जोडप्याचं चित्र बघा. 1660 च्या दशकातलं, ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्यूझियममध्ये आहे. ती दोघं नक्की कोण, हे आज खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे ‘उतरलेत का’ हा प्रश्नच मिटला. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. त्याचा हात तिच्या छातीवर आहे, तिची बोटं त्या हाताला हलकेच टेकलीत, आणि एवढ्यावर ते जोडपं आहे. आपल्याकडच्या चित्रांत मात्र हात बहुधा चौकटीबाहेर कापलेले, आणि दोन पासपोर्ट फोटो शेजारी लावल्यासारखी माणसं. हात कसे आहेत, दोघांमधली मोकळी जागा काय करतेय, यावर अभिप्राय देणारा मला क्वचितच भेटतो.

आणि एक सूचना हमखास येते: ‘वहिनींना जरा उजळ करा ना.’ ती ऐकूच नका. सावळ्या कातडीवर उजेड पडला की गेरू, जांभळा, हिरवट असे किती रंग दिसतात! त्यावर पांढरा फासला की चेहरा खडूसारखा होतो, आणि वहिनी तर त्यात राहतच नाहीत.