चमक टिकली म्हणून विहिरीचं पाणी शुद्ध ठरत नाही

‘नोबेलची भुकटी, घरबसल्या पाणीतपासणी’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि ऐन पावसाळ्यात तिने विहिरीचं पाणी उकळणं सोडून दिलं. म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: भुकटीत धातू असल्याने ती लोहचुंबकाला चिकटते, हीच अस्सलपणाची खूण. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली ती निळी चमकते. पाण्यात टाकल्यावर चमक टिकली तर पाणी शुद्ध, विझली तर विषारी. वर ते ‘चुंबकीय’ पाणी प्यायलं की सांधेदुखी जाते.

नोबेलपुरतं खरं आहे, तेवढं मान्य. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे एमओएफसाठी मिळालं. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून उभारलेली ही परांचीसारखी रचना, आत पोकळीच पोकळी. काही एमओएफ यूव्हीखाली चमकतात आणि ठरावीक पदार्थ भेटला की मंदावतात, हेही खरं. पुढे मात्र मेसेजने ताळतंत्र सोडलंय.

सगळ्यात घातक मुद्दा चमक टिकण्याचा. चमक विझायची तर पाण्यातल्या कशाने तरी त्या रेणूंची ऊर्जा काढून घ्यावी लागते, नाहीतर यूव्ही प्रकाश आधीच शोषावा लागतो. टायफॉइडचे, कॉलऱ्याचे जंतू अशा साध्या भुकटीला कळतच नाहीत. जंतूंनी भरलेल्या पाण्यातही ती खुशाल चमकत राहील! उलट फेरिक लोह दोन्ही गोष्टी करतं, त्यामुळे नुसत्या गंजाळ पाण्यातही चमक मंदावू शकते आणि माणूस उगाच ‘विष, विष’ म्हणून घाबरतो. निळ्या चमकेचं कौतुकही नको. तोच टॉर्च अंधारात डिटर्जंटने धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर मारून बघा, तोही निळा चमकतो. जंतूंची शंका असेल तर ग्रामपंचायतीकडे एच-टू-एसच्या बाटलीची चौकशी करा. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची. काळी पडली तर पाण्यात मैला मिसळल्याचा संशय धरायचा. आणि पाणी उकळायचं ते उकळायचंच.

चुंबकाचं म्हणाल, तर धातू आहे म्हणजे चुंबकाला चिकटणार हे तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्या कुणालाही पटू नये. याघींच्या गटाने १९९९मध्ये मांडलेल्या एमओएफ-५मध्ये जस्त आहे. जस्ताच्या आयनातले सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात, त्यामुळे चुंबक त्याला ओढत नाही. याच कुळाचा पूर्वज म्हणावा असा प्रशियन ब्लू हा निळा रंग चुंबक बनतो तो उणे २६७ अंश सेल्सिअसच्या आसपास. अपवाद आहे, नाकारत नाही: क्रोमियम आणि पायराझिन या सेंद्रिय रेणूपासून बनवलेला, २४२ अंशांपर्यंत चुंबकत्व टिकवणारा पदार्थ २०२०मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. पण भुकटी चुंबकाकडे उडी मारत असेल, तर तिच्यात बहुधा मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, मिसळलेलं असतं. भुकटी पाण्यातून परत गोळा करता यावी म्हणून प्रयोगशाळेतही ते मिसळतात. त्यावरून अस्सलपणा ठरत नाही.

सांधेदुखीचा दावा निराधार आहे. उलट काही एमओएफ पाण्यात टिकत नाहीत. एमओएफ-५ तर दमट हवेतच मोडतं. मोडलं की धातू आणि सेंद्रिय रेणू पाण्यात सुटे होतात. त्यामुळे भुकटी टाकलेलं पाणी झाडाला घालायचंही कारण नाही, पिणं तर दूरच.