गृहपाठाची मिनिटं आणि क्लासचे तास

दादाचा मुलगा कोल्हापुरात तिसरीत आणि माझी मुलगी इकडे जर्मनीत, कोलोनला तिसरीत. त्यामुळे घरच्या ग्रुपवर गृहपाठाचा वाद बारमाही. दादा म्हणतो, शाळा हल्ली काही देतच नाही, पोरगं मागं पडणार. वहिनी विचारते, मग रात्री साडेनऊला मी काय लिहून घेत बसते? दोघंही खरंच बोलतात. शाळेचं दोन पानं असतं, बाकी सगळं राजारामपुरीतल्या क्लासचं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर २ तास, सहावी ते आठवी रोज १ तास, त्यापुढे रोज २ तास. मुलांवरच्या ओझ्याबद्दलचा यशपाल समितीचा अहवाल तर १९९३ चा. पण यातला कुठलाही तास क्लासला लागू होत नाही. शाळेनं सोडलेली संध्याकाळ क्लासवाला उचलतो आणि आपण वर फी भरतो.

दक्षिण कोरियाचं बघा. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना गृहपाठाला आठवड्याला किती वेळ लागतो ते विचारलं होतं. शांघायचं उत्तर आलं १३.८ तास, कोरियाचं अवघे २.९. पण म्हणून कोरियन पोरं संध्याकाळी मोकळी खेळतात असं नाही. ती ‘हागवॉन’मध्ये असतात, म्हणजे आपल्या भाषेत क्लासला.

आमच्या राज्यात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, पहिली-दुसरीला रोज ३० मिनिटं आणि तिसरी-चौथीला ४५ मिनिटं अशी मर्यादा सरकारी आदेशानं घातलेली आहे. ग्रुपवर मी ती टाकली की दादा लगेच, “तुमचं काय बाबा, युरोप!” पण मला त्या मिनिटांचं फारसं कौतुक नाही. त्याच आदेशात आणखी एक अट आहे: गृहपाठ मुलाला स्वतःला, कुणाच्या मदतीशिवाय करता आला पाहिजे. शिवाय त्यावर सहसा गुण देत नाहीत. बरीच मुलं दुपारी शाळेतच थांबतात आणि तिथेच कुणाच्या तरी देखरेखीखाली तो उरकून घरी येतात.

इथलं सगळं गोड आहे अशातला भाग नाही. चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. दहा वर्षांच्या पोराबद्दल शिक्षक शिफारस लिहितात आणि त्या वर्षी आईबापांची झोप उडते. खासगी शिकवण्या इथेही आहेत. ही वाटणीची पद्धत कोल्हापुरात कुणी आणली तर मी पहिली विरोधात उभी राहीन.

ती मदतीशिवायची अट मात्र आणावी. आपल्याकडे ‘प्रकल्प’ म्हणून जे येतं ते सरळसरळ पालकांना दिलेलं काम असतं. थर्माकोलचा पन्हाळा वहिनी कापते, चार्टवरची अक्षरं दादा काढतो आणि शाबासकी पोराला. हे ज्या घरात जमतं तिथे ठीक. शिरोलीच्या फाउंड्रीतून रात्रपाळी करून आलेल्या बापानं काय करायचं? त्याच्या पोराची वही कोरी राहते आणि वर्गात उभं तेच राहतं. गृहपाठ किती, यापेक्षा तो घरातल्या कुणाच्या जिवावर होतो हे मला जास्त टोचतं.

घरात अभ्यासाला जागा नाही, सांगायला कुणी नाही, ही अडचण आपल्या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगं उभी केली ती खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ मध्ये आलं, बोर्डिंगं आधी. आज एमपीएससीवाल्यांसाठी अभ्यासिका दिसतात, चौथीतल्या पोरासाठी काही नाही.

महापालिकेच्या शाळांत संध्याकाळी दोन वर्ग उघडे ठेवले आणि एखाद्या निवृत्त गुरुजींना मानधन देऊन बसवलं, तर तिसरीच्या पोराचा गृहपाठ साडेसहापर्यंत संपेल. दादाला हे पटलंय, पण क्लास बंद करायला तो तयार नाही. “बाकीच्यांनी बंद केला की मीही करतो,” म्हणतो. त्याच्या गल्लीतले सगळेच बाप असं म्हणत असणार. म्हणून येत्या पालकसभेत त्यानं निदान एवढं तरी विचारावं, की थर्माकोलच्या पन्हाळ्याला गुण कुणाचे धरता?