परवानगी लागत नाही म्हणता, मग शिक्का कायले मागता राजेहो?

एक साधं घर बांधायचंय भाऊ. बंगला नाही, फार्महाऊस नाही. गावठाणात आजोबांच्या काळचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, त्यावरचं कवेलूचं घर पाडून तिथंच खाली चार खोल्या काढायच्या अन पुढंमागं पैसा आला तर वर दोन, बस. दिवाळीपासून मागं लागलोय, आता उन्हाळा डोक्यावर आला, पायाची एक कुदळ पडली नाही अजून.

अन डोकं कशानं फिरतंय सांगू का? नियम आपल्या बाजूनं आहे! डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे सोडून जवळपास अख्ख्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, ते युडीसीपीआर म्हणतात ते, अन २०२१ मध्ये सरकारनं वाजतगाजत सांगितलं की खेड्यात १६०० चौरस फुटापर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला वेगळी परवानगीच नको. मालकीचा कागद, जागेचा अन घराचा नकाशा, नकाशा नियमात बसतो असं लायसनवाल्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट, एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं, विकास शुल्क अन कामगार उपकर भरायचा अन लागायचं कामाला. १६०० ते ३२०० वाल्यांना ग्रामपंचायतीनंच १० दिवसांत मोकळं करायचं. आमचा प्लॉट १५०० फूट, म्हणजे १३९ चौरस मीटर, मर्यादा १५० ची. बसतो ना? बसतो. आता हे जाऊन ऑफिसात सांगून दाखवा.

ग्रामपंचायतीत साहेब म्हणे, "असं लेखी काही आमच्यापर्यंत आलं नाही, तालुक्याले विचारा." तालुक्याला गेलो तर तिथला बाबू मान वर न करता म्हणे, "हे तुमच्या ग्रामपंचायतीचं काम आहे, इथं कायले आले?" बरं, पैसा घरात असता तर म्हटलं असतं जाऊ द्या खड्ड्यात, बांधून टाकतो. पण लोन लागते. बँकेत गेलो, मॅडम म्हणे सँक्शन प्लॅन आणा. म्हटलं मॅडम, एवढ्या प्लॉटला परवानगी लागतच नाही. तर म्हणे, "मग लागत नाही असं लिहून आणा." परत ग्रामपंचायत. "असं लिहून द्यायचा आमच्याकडं फॉर्मॅट नाही." म्हणजे जी परवानगी लागत नाही तिचा शिक्का पाहिजे, अन तो शिक्का कोणी मारणार नाही कारण परवानगी लागत नाही! तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसणारा एजंट तेवढा खुशीत, "भाऊ, टेन्शन नका घेऊ, शिक्क्याचं मी पाहतो." पाहशील रे बाबा, माहीत आहे किती घेऊन पाहशील ते.

मालकीच्या कागदाचं तर विचारूच नका. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, बाबांच्या नावानं, टॅक्स एक वर्ष थकवला नाही. बँक म्हणते नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नाही. कबूल आहे, पण गावठाणात सातबारा नसतो हे बँकेला कोणी सांगायचं? त्यासाठीच तर २०२० मध्ये ती स्वामित्व योजना काढली ना, ड्रोन फिरवून गावठाण मोजायचं अन प्रॉपर्टी कार्ड द्यायचं. आमच्याकडं ड्रोन आला त्याच्या आधी चुन्याच्या लाइनी मारायला एक पोरगं आलं. आमच्या ओट्याला लागून पऱ्हाटीचा ढीग होता, सरपणाचा. आता पऱ्हाटी बाजूला कर म्हणायला घरी कोणी नव्हतं, सगळे वावरात. त्यानं काय करावं? ढिगाला वळसा घालून आतून लाइन मारली, ओटा बाहेर! वरून ड्रोननं तेच पाहिलं. आता कार्डावर एक क्षेत्रफळ, नमुना ८ वर दुसरं, अन टेप लावून मोजलं तर तिसरंच, कारण शेजारच्या काकांची भिंत दर पावसाळ्यानंतर थोडी आमच्याकडं सरकते. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पडला असेल कुठंतरी.

एवढं करून नकाशाला बसावं तर बाजूला किती जागा सोडायची यावर दोघांचं एकमत नाही. इंजिनिअर म्हणतो जुन्या गावठाणाला सूट आहे, भिंतीला भिंत लावा. ग्रामपंचायतीतले म्हणतात दोन्हीकडं पाच-पाच फूट सोडा, मग पाहू. मग पाहू म्हणजे काय बे? ३० फुटातून १० गेले की २० राहतात, नऊ इंची तीन भिंतींचे सव्वादोन फूट काढा, दोन खोल्यांना राहते पावणेअठरा फूट, म्हणजे एकीला नऊ फूटही नाही. कागदावर हे चालते, राहायच्या खोलीची रुंदी २.४ मीटर असली की झालं, म्हणजे आठ फुटाच्या आत. त्यात दिवाण टाका, आलमारी ठेवा, अन मग माणसानं आडवं होऊन चालायचं का?

अन हे नकाशे काढणारे लोक कोणत्या दुनियेत राहतात कोणास ठाऊक. पुण्यातल्या चुलतभावानं मोबाईलवर एक प्लॅन पाठवला, लिव्हिंग-डायनिंग, वॉक-इन वॉर्डरोब, पावडर रूम. कापूस कुठं ठेवू लेका, पावडर रूममध्ये? भाव पडला की वेचलेला कापूस महिनोन् महिने घरात पडून राहतो हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला माहीत आहे. त्यात किडे होतात, रात्रभर सगळं घर अंग खाजवत बसते, लहान पोरांच्या पाठीवर पुरळ येते. म्हणून कापसाची खोली मागं, वेगळी, मागच्या गल्लीतून थेट दार असलेली पाहिजे, म्हणजे बैलबंडी तिथंच लागेल. तीनदा समजावून सांगितलं. इंजिनिअरनं काय केलं? खोली काढली, तिच्यावर "स्टोअर" लिहिलं अन दार दिलं स्वयंपाकघरातून! म्हणजे गठुडं डोक्यावर घेऊन चुलीजवळून जायचं.

वरून माय म्हणते स्वयंपाकघर आग्नेयेलेच पाहिजे. आग्नेय म्हणजे नेमका तोच मागचा कोपरा जिथं बंडी लागते. अन काका येऊन सांगून गेले, "आमच्या बाजूनं खिडकी काढशील तर याद राख." मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डोक्यावर स्लॅब, कूलर लावायला बाहेरून मोकळी खिडकी नको का? राहिली फक्त पुढची बाजू, ती पश्चिमेची. चार वाजताचं ऊन थेट कूलरच्या ताट्यांवर. झाला मग थंडावा.

मिस्त्री रोज फोन करतो, "पावसाळ्याच्या आत पाया भरता का नाही ते सांगा, नाही तर मी दुसरं काम धरतो." त्याचंही पोट आहे, त्याला काय बोलू.

काल रात्री डोकं इतकं सटकलं की बसल्या बसल्या माहितीच्या अधिकाराचा अर्जच लिहिला: गावठाणातल्या १५०० चौरस फुटाच्या प्लॉटवर राहतं घर बांधायला कोणाची परवानगी लागते, लागत नसेल तर तसं लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते त्यांना. अन त्या उत्तरावर गोल शिक्का असतोच, तोच कागद नेऊन आपटतो बँकेच्या टेबलावर, मग पाहतो मॅडम कोणता फॉर्मॅट मागतात ते.