गाडीचा पाचवा उन्हाळा विचारा

दसरा किंवा पाडवा जवळ आला की ओळखीतले लोक फोन करून एकच विचारतात, "कोणत्या कंपनीची गाडी घेऊ? भरवशाची पाहिजे बरं." एका शब्दात कंपनीचं नाव सांगून कोणी या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर त्याच्या सल्ल्यावर लाखो रुपये लावू नका, हे मी आधीच सांगून टाकतो. ठरावीक मॉडेल, त्यातलं ठरावीक इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स यांनी आपल्या गावात पाच उन्हाळे कसे काढले, यावर भरवसा ठरतो. जुनी गाडी घेत असाल तर समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीने ते कसे काढले, हे बघायचं.

पाच उन्हाळे म्हणतोय कारण आपण नागपुरात राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. माणूस सावली शोधतो, गाडीला ती मिळतेच असं नाही. या उन्हात पहिला बळी बॅटरीचा. थंडीच्या सकाळी गाडी सेल घेत नाही तेव्हा आपण थंडीला दोष देतो, पण बॅटरीचं आयुष्य उन्हाळ्यानेच खाल्लेलं असतं. त्यानंतर रबर: होज पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, दारांचं बीडिंग. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकते, कूलंट थेंब थेंब गळत राहतं आणि मालकाला कळतं तेव्हा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेलेला असतो. एसीचा कॉम्प्रेसर आपल्याकडे जितके तास राबतो तितके महाबळेश्वरच्या गाडीत राबत नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या कोणीतरी व्हिडिओत "झकास गाडी" म्हटलं, तर ते तिथल्या हवेतलं मत आहे हे लक्षात ठेवायचं.

मग विचारायचं कोणाला? तीच गाडी पाच-सहा वर्षं वापरलेल्या नागपूरकराला. नुकतीच घेतलेल्याला विचारून उपयोग नाही, कारण पेढे वाटून आठवडा झालेला माणूस आपल्या गाडीला वाईट म्हणणारच नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत बहुतेक गाड्या चांगल्याच चालतात. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी एका सर्वेक्षणात नोंदवते आणि तीन वर्षं जुन्या झालेल्या गाड्यांच्या तक्रारी दुसऱ्या सर्वेक्षणात. नवी गाडी किती नीट बनवली आहे आणि ती किती टिकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर ऐकतो आणि दुसऱ्याचं मिळालं असं समजतो.

दुसरा माणूस म्हणजे कोणत्याही कंपनीशी बांधलेला नसलेला गॅरेजवाला. त्याला "कोणती गाडी चांगली" असं विचारू नका. "या मॉडेलच्या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात?" असं विचारा. ब्रेक पॅड आणि ऑइल बदलायला येत असतील तर छान. गिअरबॉक्स उघडायला येत असतील तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. तिसरा म्हणजे पार्टच्या दुकानाचा काउंटर. हेडलाइट, क्लच सेट, रेडिएटर यांचा भाव आणि ते कधी मिळेल, एवढंच विचारायचं. जो पार्ट पंधरा दिवसांनी येतो त्याची गाडी पंधरा दिवस उभी राहते, आणि उभ्या गाडीचा काय भरवसा?

कंपनीच्या नावावर जाऊ नका म्हणतो त्याचं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन भारतात इतक्या गाड्यांत बसलं की त्याला लोक राष्ट्रीय इंजिनच म्हणायचे. फियाटच्या पुंटोत ते होतं, मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने होतं. इंजिन एकाच घराण्याचं. पण स्विफ्ट म्हणजे बिनघोर आणि पुंटो म्हणजे डोकेदुखी असं बाजाराने ठरवून टाकलं, आणि जुन्या गाडीच्या भावातही तो फरक उतरला. फरक होता सर्व्हिसचा, पार्टचा, गावोगावच्या मिस्त्र्याच्या हाताला असलेल्या सवयीचा. तोही खरा फरक आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याला इंजिनाचा दोष म्हणू नये. हेच आजही चालू आहे. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो आहे. बिल्ला वेगळा, बॉनेट उघडलं की तेच.

उलटंही होतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या भरवशात जमीन-अस्मानाच्या फरकाच्या असू शकतात, कारण एकीत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे आणि दुसरीत कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून आपोआप गिअर बदलणारा. तो गिअरबॉक्स हायवेवर लोण्यासारखा चालतो, पण सायंकाळी सीताबर्डीच्या गर्दीत रांगत जाताना त्याचे क्लच तापतात. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक पेट्रोल थोडं जास्त पितो, पण गर्दी सोसतो. मला विचाराल तर शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने तोच घ्यावा.

डिझेलचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने पळावी लागते. रोज चंद्रपूर किंवा अमरावतीला जाणाऱ्याचा फिल्टर आपोआप साफ होतो. धरमपेठेतून सदरला ऑफिस आणि परत घर, एवढंच रनिंग असलेल्याचा तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग तो माणूस सगळ्या जगाला सांगतो की अमुक कंपनीची गाडी बेकार. गाडी बेकार नव्हती, त्याच्या कामाची नव्हती.

बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल पहिल्या वर्षात घेऊ नये, हे मत माझ्या घरातही सगळ्यांना पटत नाही. पण मी त्यावर ठाम आहे. कारखान्यातल्या बारीकसारीक चुका पहिल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांतूनच उघड होतात. रिकॉल झालं म्हणून कंपनीला नावं ठेवू नका, चूक मान्य करून फुकट दुरुस्त करणारी कंपनी बरीच म्हणायची. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने मोटर जनरेटर युनिट तपासायला १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या होत्या. जुनी गाडी घेताना मात्र तिच्यावर असा रिकॉल होता का आणि ते काम झालं का, हे चेसिस नंबर देऊन कंपनीकडून खात्री करून घ्या. कोणी विचारत नाही, म्हणून ते काम राहून गेलेलं असतं.

आता जुन्या गाडीकडे येतो, कारण फसवणूक तिथे जास्त आहे आणि मला राग येतो तो तिथेच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोणताही नागपूरकर विसरला नसेल. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटच्या घरांत शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. किती गाड्या त्या दिवशी बुडाल्या असतील! त्या सगळ्या भंगारात गेल्या का? माझ्या मावसबहिणीला नंतर एक गाडी दाखवायला आणली होती. रंग चकचकीत, आत नवे सीट कव्हर, वास अत्तराचा, भाव बाजारापेक्षा बराच खाली. ताईचा जीव तिच्यावर गेला होता. मी आमच्या मिस्त्र्यांना सोबत नेलं होतं. त्यांनी इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. मागचं दार उघडून सीट बेल्ट धरला आणि हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ पुसलेला. पण जो भाग कायम खांबाच्या आत गुंडाळलेला राहतो तिथे मातीच्या रंगाची आडवी रेघ होती, आणि नखाने खरवडल्यावर सुकलेला गाळ भुरभुर पडला. मग डिकीतली स्टेपनी काढली. तिच्या खालच्या खड्ड्यातले स्क्रू तांबडे झालेले. मिस्त्री विकणाऱ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताईला म्हणाले, "ताई, ह्या गाडीले पाणी लागलं आहे. फुकट देत असन तरी घेऊ नका."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पाण्यात गेलेलं इंजिन उघडून नीट करता येतं. वायरिंगच्या सॉकेटमध्ये शिरलेला ओलावा मात्र महिनोन् महिने आतून खात राहतो. आज खिडकी बंद होत नाही, उद्या एबीएसचा दिवा, परवा एअरबॅगचा. आणि एअरबॅग उघडायच्या वेळी उघडेल का, हे घरच्यांना बसवताना कोणत्या तोंडाने सांगायचं? माहीत असून अशी गाडी लपवून विकणाऱ्याला मी व्यापारी म्हणत नाही.

सीट बेल्ट आणखीही बोलतो. त्याच्या खालच्या टोकाला कापडी लेबल असतं आणि त्यावर तो बनल्याची तारीख असते. गाडी २०१८ ची आणि बेल्ट २०२१ चा, तर तो का बदलला हे विचाराच. जोरदार धडकेत बेल्टही बदलावा लागतो.

इन्शुरन्सची पॉलिसी मागून घ्या आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा बघा. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशी ती चढण असते. सहा वर्षांची, एकहाती गाडी, "एक खरोंच नाही साहेब" आणि पॉलिसीवर बोनस शून्य? मग मागच्या वर्षी क्लेम झाला असणार, किंवा पॉलिसी बराच काळ बंद पडली होती. कधी कधी मालकाने बोनस स्वतःच्या नव्या गाडीवर नेलेला असतो, तेही शक्य आहे. उत्तर काहीही असो, विचारल्यावर समोरचा कसा बोलतो त्यावरून बरंच कळतं.

मीटर मागे फिरवणं अजूनही सर्रास चालतं. डिजिटल मीटर आला म्हणून ते थांबलं नाही. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवर जा आणि आधीच्या जॉब कार्डांवरचे किलोमीटर काढून घ्या. "फक्त शहरातच फिरली" म्हणत असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवायला सांगा, टोलनाके खोटं बोलत नाहीत. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतो तीस हजार, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आरसी, बँकेचा बोजा आणि गाडी कितव्या मालकाकडे आहे हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर दोन मिनिटांत दिसतं, त्यासाठी कोणाच्या हातापाया पडायची गरज नाही.

आणि गाडी दोनदा बघा. एकदा सकाळी, इंजिन थंड असताना. आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर तुमच्या येण्याआधीच चालू करून ठेवली आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. दुसऱ्यांदा दुपारी दोन-तीन वाजता, एसी लावून, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर. गाडी उभी असताना एसीची हवा गार राहते का आणि काटा जागचा हलतो का, ते बघा. उन्हाळ्यात घेत असाल तर या एका चाचणीसाठी ऊन सोसा.

टायरबद्दल मी जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात, पण समृद्धी झाल्यापासून हे बोलणं भाग आहे. लोक जुनी गाडी घेतात आणि पहिल्याच शनिवारी शिर्डीला निघतात. तापलेलं काँक्रीट, १२० ची वेगमर्यादा, तासन् तास एकसारखा वेग. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसते म्हणून असा टायर चांगला ठरत नाही, रबर वयानेही कडक होतं आणि तडकतं. गाडीच्या किमतीत चार नवे टायर धरूनच सौदा करा, आणि ते बदलल्याशिवाय समृद्धीवर चढू नका. कळकळीची विनंती आहे.

हे सगळं गिऱ्हाइकाने एकट्याने, टॉर्च घेऊन, डिकीत डोकं घालून शोधावं लागतं याचंच मला वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी सरकारमान्य तपासणी होते, आणि नंबर टाकला की त्या गाडीच्या आधीच्या सगळ्या तपासण्या, तेव्हाच्या किलोमीटरसकट, कोणालाही फुकट बघता येतात. जर्मनीत अशाच तपासण्यांवरून कोणत्या मॉडेलमध्ये कोणत्या वयात काय बिघडतं याचा अहवाल दर वर्षी निघतो. आपल्याकडे खासगी कारची फिटनेस तपासणी होते ती थेट १५ वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. तोवर वर्षाला पीयूसी तेवढी होते, आणि ती फक्त धूर बघते. त्याच पीयूसीच्या वेळी मीटरचा फोटो काढून किलोमीटर 'वाहन' या सरकारी नोंदणी यंत्रणेत टाकले आणि ते एमपरिवहनवर सगळ्यांना दिसू दिले, तर मीटर फिरवण्याचा अर्धा धंदा बसेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत. ही मागणी नागपुरातून गेली पाहिजे, आणि ज्यांची त्यांच्या कार्यालयात ऊठबस आहे त्यांनी ती तिथे लेखी द्यावी.